पंच क्रमांक दोन

भंडारा जिल्ह्यात वस्तू नाहीशी करायची तर जागेची अडचण नाही. गावोगावी मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत. मालगुजारांनी ते धानासाठी बांधले. पुढे १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, गाळ मात्र गावाकडेच राहिला. जे घरात ठेवणं बरं नाही आणि रस्त्यावर टाकलेलं बरं दिसत नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या या गाळात गेलं. गावात सगळ्यांच्या तोंडाला पाय आहेत. तलावानं मात्र आजवर कोणाचं नाव सांगितलं नव्हतं.

मग ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली आणि गेल्या उन्हाळ्यात आमच्या तलावात जेसीबी उतरला. आधी एक पितळी गडवा निघाला. त्याला काठावरच तीन मालक मिळाले. एका काकूंनी तर त्यावर आपल्या सासूचं नाव कोरलेलं आहे असं छातीठोक सांगितलं. चिंच लावून घासल्यावर नाव निघालं ते दुकानदाराचं. मग सायकलचा सांगाडा निघाला. त्यावरून दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं, ते अजून बंद आहे. आणि मग, दुपारच्या जेवणाची सुट्टी होता होता, बकेटमधून एक बंदूक वर आली.

भरमार बंदूक. हिची पद्धत अशी, की नळीच्या तोंडातून आधी बारूद ठासायची, मग चिंध्या ठासायच्या, मग छर्रे ठासायचे, मागे टोपी बसवायची, आणि एवढं होईपर्यंत रानडुक्कर तिथंच थांबलेलं असेल तर चाप ओढायचा. आता तिची नळी गंजून जाड झालेली, दस्ता अर्धा कुजलेला, आणि नळीत एक खेकडा राहत होता.

काठावरची गर्दी एकदम पाच पावलं मागे सरली.

“कोनाची होय जी?” सरपंचांनी विचारलं.

“आमाले का मालूम?” गाव एका सुरात म्हणालं. ग्रामसभेत या गावाचा एवढा एकोपा मी कधी पाहिलेला नाही.

तर्क मात्र भरपूर निघाले. कोणी म्हणालं, मालगुजाराच्या शिकारीची असेल. कोणी म्हणालं, १९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला तेव्हा रातोरात पुष्कळ बंदुका पाण्यात गेल्या होत्या, त्यातली असेल. “कोणी कोणी टाकल्या होत्या?” असं विचारल्यावर तो माणूस आभाळाकडे पाहून, यंदा पाऊस लवकर येईल, असं म्हणाला.

पोलीस पाटलांनी ठाण्याला फोन केला. बिट जमादार मोटारसायकलवर आले, बंदुकीकडे पाहिलं, खेकड्याकडे पाहिलं, पिशवीतून कागद काढले आणि म्हणाले, “दोन पंच पाहिजेत.”

वाघ आला म्हटलं असतं तर निम्मे लोक पाहायला तरी थांबले असते. या वाक्यानं काठ रिकामा झाला. ज्यांना घाई नव्हती त्यांनाही धान्याच्या दुकानात जायचं आठवलं. मी उरलो, कारण आयुष्यभर प्राथमिक शाळेत नोकरी केल्यामुळे समोर कोणी सरकारी कागद काढला की मी आपोआप ताठ उभा राहतो. पळण्याची प्रेरणा माझ्यात येते, पण निरोप पायापर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

“गुरुजी, तुमी तं शिकलेले मानूस,” जमादार म्हणाले. शिकल्याचा तोटा मला उतारवयात असा नेमका कळला.

दुसरा पंच म्हणून जेसीबीचा चालक पकडला. तोही पळाला असता, पण मशीन गाळात रुतलेली होती. कायद्यात झडतीच्या वेळी परिसरातले स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत असं म्हटलं आहे, हे मी जमादारांच्या कानावर घातलं. हा मुलगा तर परजिल्ह्यातला. जमादार म्हणाले, “त्याची मशीन इथं उभी आहे ना? मंग तो इथलाच.” आणि मशीन आधी रुतली म्हणून तो पंच क्रमांक एक झाला, मी क्रमांक दोन. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, की सरकारनं मला स्वतंत्र आणि प्रतिष्ठित ठरवलं आहे. ती म्हणाली, “प्रतिष्ठित ठीक आहे. स्वतंत्र कोण म्हणालं?”

पंचनाम्याचं आता चित्रीकरणही करावं लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तेव्हापासून जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायचं असा नियम आहे. जमादारांनी मोबाइल सरपंचांच्या पुतण्याकडे दिला. त्या पोरानं आधी लग्नांचे व्हिडिओ काढलेले. त्यामुळे त्यानं बंदूक डावीकडून घेतली, उजवीकडून घेतली, मग हळूच वर माझ्या चेहऱ्यावर आला आणि म्हणाला, “गुरुजी, थोडं हसा.” न्यायालयात कधी ते चित्रण लावलं गेलं तर गंजलेल्या बंदुकीशेजारी एक म्हातारा उगाचच खूश दिसेल.

वर्णन लिहिताना पहिली अडचण आली ती लांबीची. टेप नव्हती. शिंप्याकडून मागवली, तर तिचे पहिले चार इंच झिजून गेलेले. मग मोजायचं आणि चार वजा करायचे, हे काम गणिताचं म्हणून माझ्याकडे आलं. दुसरी अडचण किमतीची. पंचनाम्यात प्रत्येक वस्तूपुढे ‘अंदाजे किंमत’ लिहावी लागते.

“शून्य लिहा,” मी म्हणालो.

“शून्य किमतीचा माल कशाला उचलून आणला, असं ठाणेदार साहेब इचारतील.”

“मग हजार?”

“हजाराची वस्तू अशी कशी गंजू दिली, असं कोर्ट इचारीन.”

पंच क्रमांक एकचा भंगाराचा अभ्यास दांडगा होता. त्यानं लोखंडाचा किलोचा भाव सांगितला. किराणा दुकानातून काटा आणला, बंदूक तोलली, पाण्याचं वजन वजा केलं, खेकडा सोडून दिला आणि एकमतानं दोनशे रुपये लिहिले. खेकड्याची नोंद घ्यावी की नाही यावर जमादारांनी क्षणभर विचार केला. मग ‘सजीव वस्तूचं’ पुढे पालनपोषण करावं लागतं हे लक्षात येऊन तो विषय सोडला.

इथं मला एक शंका आली. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये कलम ४५ आहे. जुन्या धाटणीचं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करून वा न करूनही बंदूक म्हणून चालणार नाही, त्याला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे ही वस्तू बंदूक नसून पाइप आहे. मी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं.

जमादार शांतपणे म्हणाले, “ते खरं आहे जी. पण पाइप आहे हे कोन सांगनार?”

“दिसतंच आहे.”

“दिसून नाही चालत. नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञानं सांगितलं पाहिजे. अन् तिकडं पाठवाची तं आधी बंदूक म्हनूनच पाठवा लागते.”

या उत्तरातला तर्क मी चार दिवस उलटून पालटून पाहिला. कुठं फटच सापडेना.

मग बंदूक कापडात गुंडाळली, सुतळीनं बांधली, लाख वितळवून सील केली, सह्यांची चिठ्ठी लावली. लाखेचा एक थेंब माझ्या बोटावर पडला, म्हणजे या प्रकरणात एकाला तरी इजा झाली. त्या बंदुकीच्या हयातीत तिनं जखमी केलेला मी बहुधा एकमेव प्राणी असेन. जुन्या शिकाऱ्यांच्या नेमाबद्दल गावात जे ऐकिवात आहे त्यावरून तरी तसंच वाटतं.

जबाबावर एक सही राहिली म्हणून मला ठाण्यात जावं लागलं, आणि तिथं मला मुद्देमालाची खोली बघायला मिळाली. आवारातच सुरुवात होते. वाळूचे ट्रॅक्टर, ज्यांच्या ट्रॉलीत आता बाभळी उगवल्या आहेत. मोहाच्या दारूचे रिकामे पिंप. मोटारसायकली, एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून. आत खोलीत फळ्यांवर गाठोडी, डबे, काठ्या, कुऱ्हाडी, एक हार्मोनियम. प्रत्येकाला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर गुन्हा नंबर आणि कोण्या तरी बिचाऱ्या दोन पंचांच्या सह्या. आमच्या घरचा माळा मला आठवला. तिथंही बंद पडलेला स्टोव्ह, एका कानाची कढई आणि मुलाच्या पहिलीतल्या वह्या आहेत, आणि “टाकून देऊ का?” असं विचारलं की बायको म्हणते, “राहू द्या, कधी लागेल काय सांगावं.” फरक एवढाच, की सरकार हेच वाक्य कलमांच्या आधारानं बोलतं.

मुद्देमाल सांभाळणारे कारकून भले गृहस्थ होते. त्यांनी वहीत नोंद केली आणि सुस्कारा टाकला.

“उंदीर आहेत का इथं?” मी सहज विचारलं. कारण उत्तर प्रदेशात मथुरेच्या पोलिसांनी २०२२ मध्ये न्यायालयाला कळवलं होतं, की जप्त केलेला ५८१ किलो गांजा उंदरांनी खाल्ला.

“आहेत ना जी. पन लोखंड खात नाहीत,” ते खिन्नपणे म्हणाले. “गांजावाल्यायचं बरं असते.”

निवडणूक लागली की या खोलीवर आणखी ताण पडतो. परवानाधारकांच्या बंदुका जमा होतात. पीक राखायला परवाना घेतलेले शेतकरी, कोणी माजी सैनिक, कोणी नुसतेच मिशावाले. मतमोजणी झाली की बहुतेक जण पावती दाखवून आपापली बंदूक घेऊन जातात. काही जात नाहीत. परवानाधारक वारतो, मुलं पुण्याला असतात, वडिलांची जमीन वाटून घेतात, बंदुकीचं नाव कोणी काढत नाही. अशा बंदुकांसाठी शस्त्र अधिनियमाचं कलम २१ आहे. ताब्यात ठेवण्याचा हक्क संपला, की विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. मुदतीत परवाना मिळवा किंवा पात्र माणसाला विका. नाही केलं, तर जिल्हा दंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात, पण त्याआधी वारसाला लेखी नोटीस द्यायची आणि कारण दाखवायला तीस दिवस द्यायचे. पुण्यातल्या मुलाला नोटीस मिळते तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं, की बाबांकडे बंदूक होती. मग तो तिचा फोटो पाठवा म्हणतो, स्टेटसला ठेवायला.

खटल्यातल्या बंदुकीची तऱ्हा निराळी. खटला चालू असेपर्यंत ती पुरावा. निकाल लागला की न्यायालय तिचं काय करायचं ते सांगतं: नाश करा, सरकारजमा करा, किंवा हक्कदाराला द्या. पण लगेच नाही. तो आदेश साधारण दोन महिने अमलात आणायचा नाही, आणि अपील झालं तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत. यातून सूट कोणाला? गुराढोरांना आणि नासणाऱ्या मालाला. बंदूक चारा खात नाही आणि नासत नाही, हा तिचा गुन्हा. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात सांगितलं होतं, की जप्त माल ठाण्यात पंधरा दिवस ते फार तर एक महिना ठेवावा. नव्या संहितेतही न्यायालयानं चौदा दिवसांत मालाची यादी करावी, फोटो काढावेत आणि मग तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यावा, अशी तरतूद आली. मी हे कारकुनांना सांगितलं. ते म्हणाले, “चांगलं आहे,” आणि हार्मोनियमवरची धूळ झटकली.

आमच्या बंदुकीला ना खटला, ना परवाना, ना आरोपी. ती शुद्ध बेवारस. अशा मालासाठी संहितेचं कलम ५०३ आहे, आणि तेच मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत रसाळ वाटलं. मालक माहीत नसेल तर दंडाधिकारी जाहीरनामा काढू शकतात: अमुक वर्णनाची वस्तू सापडली आहे, तिच्यावर ज्याचा हक्क असेल त्यानं सहा महिन्यांच्या आत हजर होऊन दावा सिद्ध करावा.

जाहीरनामा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला. ‘एक लोखंडी नळीची भरमार बंदूक, दस्ता कुजलेला, अंदाजे किंमत रुपये दोनशे.’ त्याच्या एका बाजूला घरपट्टीची यादी, दुसऱ्या बाजूला रक्तदान शिबिर. गाव येऊन वाचायचं, मान हलवायचं आणि घरपट्टीच्या यादीत शेजाऱ्याचं नाव शोधायचं.

दावा सांगायला येणार कोण? कल्पना करा. एक गृहस्थ इस्त्रीचा सदरा घालून न्यायालयात जातो आणि म्हणतो, “महाराज, ही माझी.” पुरावा काय? “मीच फेकली होती.” परवाना? “तो असता तर फेकली कशाला असती?” दावा शाबीत झाल्याचं बक्षीस म्हणून लगेच शस्त्र अधिनियमाचं कलम २५, म्हणजे विनापरवाना हत्यार बाळगल्याबद्दल तुरुंग. इतक्या अगत्याचं आमंत्रण आणि इतका थंड प्रतिसाद मी फक्त पालकसभेला पाहिलेला आहे.

या काळात मला जगभरच्या बंदुका मोडण्याचा नाद लागला. ब्राझीलमध्ये रिओ द जानेरो शहरात जून २००१ मध्ये एका दिवसात सुमारे १ लाख शस्त्रांवर रोलर फिरवून चुराडा केला. उलट अमेरिकेतल्या केंटकी राज्यात कायदाच असा, की जप्त बंदुका राज्य पोलिसांनी परवानाधारक व्यापाऱ्यांना लिलावात विकायच्या. पोलिसांनी चोरट्याकडून घेतलेली बंदूक दुकानातून फिरून पुन्हा बाजारात. मी जमादारांना रोलरची गोष्ट सांगितली. त्यांचे डोळे चमकले, मग विझले.

“रोलर दुसऱ्या खात्याचा आहे जी. पत्र द्या लागन. डिझेल कोनत्या हेडखाली टाकाचं ते ठरवा लागन. अन् एका बंदुकीसाठी रोलर नेला तं रस्त्याचं काम थांबलं म्हनून तुमचेच गाववाले अर्ज करतीन.”

“मग जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात द्या.”

“तिथं बनवाचं काम होते गुरुजी.”

थोडक्यात, बंदूक बनवायला एक लोहार आणि एक रात्र पुरते; मोडायला पंच, कारकून, तज्ज्ञ, दंडाधिकारी, शस्त्रागार आणि समिती लागते. आणि ते चूक आहे असंही म्हणवत नाही. कारण सोपा रस्ता दिला, तर मोडलेली बंदूक कोणाच्या तरी शेतावर डुकराची वाट बघत सापडेल. प्रत्येक सही म्हणजे ‘माझ्या हातून निसटली नाही’ एवढंच सांगणं. सहीला सगळे घाबरतात. गाव मालकीच्या सहीला, सरकार मोडण्याच्या सहीला.

सहा महिने सरले. एकही दावा आला नाही. कायद्याप्रमाणे वस्तू शासनाच्या स्वाधीन करण्याचा आदेश झाला, आणि ही बातमी पोलीस पाटलांनी पारावर सांगितली.

“म्हंजे आता ते सरकारची झाली?” आबाजींनी विचारलं. आबाजी गावातले सर्वांत म्हातारे.

“झाली.”

“पक्की? आता कोनावर काही येत नाही ना?”

“नाही ना बाप्पा.”

आबाजींनी विडी पेटवली, पाय पसरले आणि म्हणाले, “मंग आयका. माझ्या आजाची होय ते. तिनं वाघ मारला हाय.”

“काहाले फेकता आबाजी?” शेजारचे गृहस्थ उसळले. “आमच्या मोठ्या बाबाची होय ते! दस्त्यावर चांदीचं फूल होतं.”

“फूल नाही, मोर होता,” तिसरे म्हणाले, “अन् आमचा होता.”

ज्या बंदुकीला सहा महिन्यांत एक मालक मिळाला नव्हता, तिला अर्ध्या तासात सहा घराणी मिळाली. वाघांची संख्या इतकी वाढली, की तेवढे वाघ नागझिरा आणि कोका या अभयारण्यांत मिळूनही नसतील. गडव्यावर सासूचं नाव असणाऱ्या काकू म्हणाल्या, की ती बंदूक त्यांच्या माहेरून हुंड्यात आली होती. दोन तरुण धक्काबुक्कीवर आले. बोलणं बंद असलेले ते सख्खे भाऊसुद्धा “आपल्याच घरची” म्हणून एका बाजूनं भांडू लागले. मी मध्ये पडलो आणि म्हणालो, की दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढं काय. त्यावर सहाही घराणी एकत्र येऊन माझ्यावर धावली. किंमत मीच पाडली होती हे पंचनाम्यात लिहिलेलं होतं.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. जमादार उतरले, एवढी गर्दी पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“बरं झालं, सगळे जमलेच आहात. बंदुकीच्या नाशाचा पंचनामा कराचा आहे. दोन पंच पाहिजेत.”

पार रिकामा झाला. आबाजींच्या गुडघ्यांना अशी चपळाई असू शकते हे त्यांच्या डॉक्टरांनाही ठाऊक नसेल. या खेपेला मीही पळणार होतो. निरोप पायापर्यंत वेळेवर पोहोचला होता, पण पायात घालायला काही नव्हतं. पारावर चढताना काढून ठेवलेली माझी नवी चप्पल त्या गडबडीत कोणीतरी घालून गेलं होतं.

“काय झालं गुरुजी?”

“चप्पल गेली.”

“तक्रार घेऊ का लिहून? सापडन ना जी.”

“नको,” मी घाईनं म्हणालो, “सापडली तर मुद्देमालात जाईल.”